गोदातीरींचें पुणतांबे

आमच्या राहाता तालुक्याचें नांव निघालें कीं परगांवच्या मनुष्यास शिरडी आठवते. खाण्याचा शोकीन असेल तर पेरूच्या बागा आठवतात. तालुक्याच्या पूर्व अंगास गोदावरीच्या दक्षिण तीरीं वसलेल्या पुणतांब्याकडे मात्र वाट वांकडी करून जाणारे थोडे. म्हणून ह्या अंकीं वाचकांस त्या गांवाची थोडी ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांवाची जुनी कीर्ति चांगदेवांमुळें. चौदाशें वर्षें आयुष्य भोगलेल्या ह्या योग्यानें ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतलें, तों मायन्यापाशींच अडलें. वयानें लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, कीं ज्ञानानें थोर म्हणून नमस्कार? अखेर कोराच कागद धाडला. त्याचें उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. ही कथा आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक असते. पण त्याच चांगदेवांची समाधि पुणतांब्यास आहे, हें कितीकांस ठाऊक असेल? चौदाशें वर्षांचा हिशेब इतिहासकार मानीत नाहींत, व त्यांनीं तो मानावा असा आमचाहि आग्रह नाहीं. नदीवरील एक घाट अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलेला आहे. ह्या साध्वीचें जन्मस्थान चोंडी आमच्याच जिल्ह्यांत असून, जिल्ह्यास २०२४ सालीं तिचेंच नांव देण्यांत आलें.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ त सुरू झाला. तो गोदावरी ओलांडून पुणतांब्यास येतो, आणि येथूनच शिरडीचा फांटा निघतो. तो २००९ पासून चालू आहे. नदी थोडी खालीं गेली कीं पलीकडे वैजापूर तालुका लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाचा होता, म्हणजे पात्र ओलांडलें कीं राज्य बदले.

पाण्याची कथा मात्र चमत्कारिक आहे. नांदूर मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यापासून निघालेले गोदावरीचे दोन कालवे व त्यांस पाणी पुरविणारें दारणा धरण हीं कामें १९१६ च्या सुमारास पुरीं झालीं. उजव्या कालव्यानें ह्या बाजूस ऊस आणला, बागा आणल्या. परंतु कालव्याच्या खालच्या अंगास पाण्याची पाळी उशिरा यावयाची, आणि आली तरी पुरेल याचा भरंवसा नसावयाचा. पुढें पैठणास जायकवाडी धरण झालें; २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याच्या समन्यायी वांटपाचें तत्त्व आलें. टंचाईच्या वर्षीं दारणा व गंगापूर धरणांतून सोडलेलें पाणी पुणतांब्याच्या घाटावरून मराठवाड्याकडे वाहत जातें. पैठणच्या लोकांसहि तहान आहे, हें आम्ही जाणतों. पण ज्याचें पीक वाळत आहे त्यानें दारावरून जाणाऱ्या पाण्याकडे नुसतें पाहत उभें राहणें हें सोपें नव्हे.

ह्या गांवाचा खरा विशेष त्याच्या ग्रामसभेंत आहे. स्वित्झर्लंडांतील ग्लारुस व आप्पेन्झेल ह्या दोन लहान प्रांतांत अजूनहि वर्षांतून एकदां मतदार उघड्या चौकांत जमतात व हात वर करून कायदे ठरवितात. आप्पेन्झेलांत पुरुषांनीं कमरेस तलवार लावून यावें अशी जुनी चाल आहे! आपल्याकडे ग्रामसभेस कायद्यानें मान आहे. पण पुष्कळ गांवीं ती वहींतील सह्यांपुरतीच उरली आहे. पुणतांब्याची तशी नव्हे.

३ एप्रिल २०१७ रोजीं ह्या ग्रामसभेनें ठराव केला कीं शेतकऱ्यानेंच संपावर जावें. गिरणीचा कामगार संप करतो हें ऐकलें होतें. शेतकऱ्यानें करावयाचा म्हणजे काय? दूध व भाजीपाला बाजारांत न्यावयाचा नाहीं, आणि घरापुरतेंच पिकवावयाचें. १ जूनला संप सुरू झाला व पाहतां पाहतां राज्यभर पसरला. रस्त्यावर दूध ओतलेलें पाहून आमच्या घरांतील वडील बायका कळवळल्या, आणि तें कळवळणें आम्हांस योग्यच वाटतें. पण भावाअभावीं वर्षानुवर्षें जें दूध तोट्यांत गेलें, त्याबद्दल कोण कळवळलें होतें?

२ जूनच्या रात्रीं मुंबईस मुख्यमंत्र्यांशीं बोलणीं होऊन कांहीं पुढाऱ्यांनीं संप मागें घेतल्याचें जाहीर केलें. सकाळीं गांवांत फूट पडली होती. नाशकाकडील शेतकऱ्यांनीं हा निर्णय मानला नाहीं. संप पुढें चालला. ११ जूनला सरकारनें कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला चौतीस हजार कोटींची योजना जाहीर झाली. बोलणीं करणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण एकत्र कुटुंबांत राहणारा कोणीहि जाणतो कीं सर्वांनीं बसून ठरविलेली गोष्ट चौघांनीं बाहेर जाऊन मोडली, तर ती गोष्ट चांगली कीं वाईट हा प्रश्न मागें पडतो, आणि आपल्यास विचारलें कां नाहीं एवढाच राहतो. ती अढी निघण्यास दिवस लागतात.

पुणतांब्यानें बसणें मात्र सोडलें नाहीं. १ जून २०२२ रोजीं शिल्लक उसाचें अनुदान, कांद्याचा भाव व शेतीस दिवसा वीज ह्या मागण्यांसाठीं गांवानें पुनः धरणें धरलें.