नियम होते, बावटा नव्हता

स्फोटकं घेऊन बंदरात येणाऱ्या जहाजाने दिवसा लाल बावटा आणि रात्री लाल दिवा लावायचा, हा इंग्रजी अमदानीतल्या बंदरांचा साधा दंडक. धक्क्याला थेट लागायचं नाही, आखून दिलेल्या जागी दूर नांगर टाकायचा आणि माल बार्जमधून थोडा थोडा किनाऱ्याला आणायचा. हिशेब रोखठोक होता. उडालंच तर जहाज उडेल, शहर वाचेल.

हे शहाणपण ठेच लागल्यावर आलेलं. 2 ऑक्टोबर 1874 च्या पहाटे लंडनच्या रीजंट कालव्यात ‘टिलबरी’ नावाची बार्ज एका पुलाखालीच फुटली. तिच्यात बंदुकीची दारू होती आणि शेजारी पेट्रोलियमची पिंपं. पूल गेला, बार्जवरची माणसं गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्फोटकांचा कायदा झाला आणि 1884 साली त्याच धर्तीवर हिंदुस्थानातही. 1908 च्या बंदर कायद्याने सरकारला बंदरासाठी नियम करण्याचे अधिकार दिले. तो कायदा आज वाचताना गंमत वाटते. मनाई केलेल्या हद्दीत जहाजावर डांबर उकळू नका, उघड्या दिव्याच्या उजेडात पिंपातून दारू काढू नका, बंदरात विनाकारण बंदुका उडवू नका. लाकडी जहाजांच्या काळातल्या माणसाने आगीची किती धास्ती घेतली होती, ते यातून कळतं. जहाजाला आग लागली आणि कप्तानाने ती विझवण्यात मुद्दाम हयगय केली, तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असंही त्यात होतं.

मात्र लढाई सुरू झाली की सगळ्यात आधी गुंडाळले जातात ते असलेच नियम. पहिल्या महायुद्धात कॅनडातल्या हॅलिफॅक्सला हेच झालं. स्फोटकांच्या जहाजांना आतल्या बंदरात येऊ द्यायचं नाही, ही जुनी अट युद्धापायी सैल झाली. ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज पोटात पिक्रिक ॲसिड आणि टीएनटी, डेकवर बेंझॉलची पिंपं घेऊन शिरलं. लाल बावटा नव्हता. शत्रूला आयतं लक्ष्य कशाला दाखवायचं? 6 डिसेंबर 1917 रोजी दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन आग लागली. किनाऱ्यावरचे लोक खिडक्यांतून ती मजेने पाहत राहिले. सुमारे अठराशे माणसं मेली.

सव्वीस वर्षांनी हेच मुंबईत घडलं. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज 24 फेब्रुवारी 1944 ला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, लढाऊ विमानं आणि 124 सोन्याच्या विटा होत्या. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, भंगार आणि तेलाची पिंपं चढली. दारूगोळ्याच्या जहाजावर कापूस आणि तेल चढवायचं याला कॅप्टन नायस्मिथ यांनी हरकत घेतली होती. पण युद्धात रिकामी जागा फुकट घालवणं परवडत नव्हतं. दुसऱ्या फाळक्यात, म्हणजे मालाच्या कप्प्यात, खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर अतिसंवेदनशील स्फोटकं, असा माल रचला गेला. सोन्याची काळजी मात्र चोख: पोलादी पेटीत ठेवून पेटी वेल्डिंगने बंद.

12 एप्रिलला जहाज थेट व्हिक्टोरिया गोदीत, मांडवी–मस्जिदच्या वस्तीला खेटून लागलं. युद्धाच्या सवलतीने दूर नांगरण्याची अट सुटली होती. लाल बावटाही लागला नव्हता. दोन दिवस उलटले तरी स्फोटकं जहाजाच्या पोटातच होती. 14 तारखेला दुपारी फाळक्यातून धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी आत ओतलं. पाण्यावर जळता कापूस तरंगू लागला आणि पाणी चढलं तसा तोही स्फोटकांकडे वर सरकू लागला. आग विझवण्याची प्रत्येक बादली वात जवळ आणत होती.

त्या दोन तासांत धक्क्यावर जाणत्यांची कमी नव्हती. दारूगोळ्याचे लष्करी अधिकारी ऑबर्स्ट यांनी सगळी गोदी उडेल असं सांगितलं आणि जहाज बुडवा म्हणाले. गोदीचे व्यवस्थापक सॅडलर यांचं म्हणणं, ओढून समुद्रात न्या. अग्निशमन प्रमुख कूंब्स पाणी मारत राहिले. कॅप्टनचं जहाज, पोर्ट ट्रस्टची गोदी, सरकारचा माल. प्रत्येकाचा अधिकार दुसऱ्याच्या दाराशी संपत होता. कायद्याने हयगयीची शिक्षा कप्तानापुरती लिहून ठेवली, पण अशा वेळी सगळ्यांना हुकूम देणारा एकच माणूस कोण, हे कोणीच पक्कं केलं नव्हतं. माझ्या मते बावट्याहूनही मोठी चूक हीच. बावटा असता तर आजूबाजूचे लोक आणि जहाजं निदान पांगली असती. निर्णयाचा घोळ तसाच राहिला असता.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. शेजारच्या ‘जलपद्मा’ जहाजाचा मागचा भाग उचलून गोदामाच्या छपरावर टेकला. 66 अग्निशमन जवान गेले. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. हा फरक का, ते गोदीतल्या रोजंदारीवरच्या माणसांना विचारावं. त्यांची यादी सोन्याच्या विटांसारखी कोणी ठेवत नसे.

मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती लिओनार्ड स्टोन यांच्या चौकशी आयोगाला आग बहुधा कुणाच्या विडी-सिगारेटीने लागली असं वाटलं. कारणं सांगताना आयोगाने युद्ध आणि त्यामुळे पत्करावे लागलेले धोके पुढे ठेवले, मग स्फोटकांच्या खाली कापूस रचणं आणि मग आगीचं गांभीर्य न ओळखणं. युद्ध हे कारण सर्वांनाच सोयीचं, त्याला कोणी समन्स काढत नाही. त्याच वर्षी सरकारने नुकसानभरपाईचा अध्यादेश काढला आणि ज्यांच्या चाळी, गोदामं आणि दुकानं जळली ते अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले.