बोंडअळी आणि एकवीस अक्षरांची निवड

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. तिने ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस पत्र धाडले, ते श्रीकृष्णास पोचले आणि पुढील कथा घडली. तेच पत्र वाटेत रुक्मीच्या हाती पडते, तर रुक्मिणी सुखरूप असूनही कार्य मात्र झाले नसते. सजीवांच्या पेशीतही निरोप असाच वाटेत अडविता येतो. पिकांवरील किडींच्या बंदोबस्तासाठी शास्त्रज्ञ आज या युक्तीचा अभ्यास करीत आहेत.

हा शोध वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. बीटी कपाशीस आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली व दोन जनुकांचे वाण २००६ साली आले. परंतु पुढे गुलाबी बोंडअळी या दोन्हींस दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भातील अनेक शेतांत बोंडे वरून चांगली दिसत असता आत सरकी किडलेली व रुई डागाळलेली निघाली.

आता युक्ती कशी चालते ते पाहू. जनुक हा पेशीतील मूळ दस्तऐवज होय. त्याची नक्कल निरोप्या आरएनए घेऊन जातो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. पेशीत दुपदरी आरएनए शिरल्यास पेशी त्याचे सुमारे एकवीस अक्षरांचे तुकडे करते. तुकड्याचा एक पदर निरोप्याशी जुळला, की निरोप्या कापला जातो. दस्तऐवज शाबूत राहतो, पण निरोप पोचत नाही. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका सूत्रकृमीत हे दाखविले. त्याबद्दल त्यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

खरे काम आहे ते तुकडा निवडण्याचे. दीड हजार अक्षरांच्या निरोपातून एकवीस अक्षरांचे १,४८० तुकडे निघू शकतात. त्यांतील सर्वच सारखे उपयोगी नसतात. ए, यू, जी व सी ही आरएनएची चार अक्षरे. ए-यू जोडीची गाठ सैल, तर जी-सी जोडीची घट्ट असते. ज्या पदराने निरोप्यास पकडावयाचे, त्याचे आरंभीचे टोक सैल असल्यास पेशी बहुधा तोच पदर उचलते. ही पारख हाताने करणे जिकिरीचे असल्याने त्यासाठी संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार झाल्या आहेत. जपानमधील संशोधकांनी २००४ साली ‘सायडायरेक्ट’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. आपल्याकडे चंदीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनीही अशा आज्ञावली तयार केल्या आहेत.

आज्ञावलीचे दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. निवडलेली अक्षरे मधमाशी, ढालकिडा, क्रायसोपा, रेशीमकिडा अथवा मनुष्य यांच्या जनुकांत तर नाहीत ना, हे ती पडताळते. शत्रूच्या नावाचे वॉरंट मित्राच्या घरी जाता कामा नये. दोनशे अक्षरांच्या दुपदरी आरएनएपासून १८० निरनिराळे तुकडे संभवतात. त्यांतील प्रत्येकाची अशी झडती घ्यावी लागते. संगणकाचा कौल हा मात्र अंदाजच होय. प्रयोगशाळेत व शेतात तो खरा ठरल्यावाचून त्यावर विसंबता येत नाही.

अमेरिकेत मक्याच्या मुळांवरील किडीसाठी या तत्त्वावरचा मका २०१७ साली, तर बटाट्यावरील भुंगेऱ्यासाठी फवारणीचे औषध २०२३ च्या अखेरीस मान्य झाले. या दोन्ही किडी भुंगेरेवर्गीय आहेत. बोंडअळी पतंगवर्गीय आहे. अशा अळ्यांच्या आतड्यात दुपदरी आरएनए लवकर फुटून जातो, म्हणून तेथे यश मिळविणे कठीण जाते. शिवाय बटाट्याच्या भुंगेऱ्यात या उपायासही प्रतिकारशक्ती निर्माण होऊ शकते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. बीटीचा धडा येथेही विसरता येणार नाही.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस स्पष्ट सांगावे, की बोंडअळीवर निर्धास्तपणे वापरावे असे आरएनएचे औषध अजून हाती आलेले नाही. केवळ बाटलीवरील नव्या नावास भुलून पैसा खर्च करू नये. आज खात्रीचा मार्ग जुनाच आहे. फुलोऱ्याच्या सुमारास कामगंध सापळे लावावे. सापळ्यात सतत तीन रात्री प्रत्येकी आठ वा अधिक पतंग आढळल्यास उपायाची वेळ आली असे समजावे. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्या. फरदड घेऊ नये. डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर साठवू नयेत. अळी पुढील हंगामापर्यंत तग धरते ती याच आश्रयाने. नवे शास्त्र अळीच्या पेशीतील निरोप अडविण्याच्या प्रयत्नात आहे. तोवर एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाणारी तिची वाट अडविणे शेतकऱ्याच्याच हाती आहे, आणि हे काम एकट्या शेताचे नसून साऱ्या शिवाराचे आहे.