दीड तासात दाखवलेलं भविष्य

९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. संगणक संशोधक डग्लस एंगलबर्ट यांनी दीड तासात माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि पडद्यावर दूरच्या सहकाऱ्याशी बोलत एकत्र केलेलं काम प्रत्यक्ष दाखवलं. पंच कार्डांच्या जमान्यात! माझ्या मते संगणकाच्या इतिहासातलं हे सर्वांत थोर प्रात्यक्षिक. त्यांचा पहिला माउस लाकडी होता. तळाच्या दोन चाकांपैकी एक आडवी हालचाल टिपायचं, दुसरं उभी.

पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७३ साली ऑल्टो संगणक बनला, पडद्यावर खिडक्या अवतरल्या. १९८४ च्या मॅकिंटॉशने त्या सामान्य ग्राहकापुढे ठेवल्या, २००७ च्या आयफोनने बोटालाच माउस केलं.

कमांड लाइन मात्र टिकली. सर्व्हर सांभाळणारे आजही आज्ञा टाइप करतात, कारण शेकडो फायलींची नावं बदलायला तिथे एक ओळ पुरते.