घास गिळताना दुखते? आधी दिवस मोजा

काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात साठीचे एक शेतकरी आले. तक्रार एकच, भाकरीचा घास गिळताना उजव्या बाजूला घशात टोचते. ‘मामा, किती दिवस झाले?’ असे विचारले तर म्हणाले, ‘लई न्हाई सायब, ज्वारी पेरताना सुरू झालं.’ त्या वेळी ज्वारी काढणीला आली होती. म्हणजे चार महिने होऊन गेले होते. त्यांच्या खिशात चार-पाच चिठ्ठ्या निघाल्या, प्रत्येकीवर पाच दिवसांच्या कॅप्सूल. त्यांतली एक चिठ्ठी माझ्याच हातची होती. त्यांच्या मुक्कामाला मी नंतर येतो. तेव्हापासून घसा दुखतो म्हणणाऱ्याला मी आधी दिवस विचारतो आणि बॅटरी नंतर हातात घेतो.

घशाचे बहुतेक दुखणे विषाणूंमुळे, म्हणजे साध्या सर्दी-पडशाच्या जातीचे असते. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, थुंकी गिळणेही नकोसे होते. हे दुखणे आठवडाभरात आपोआप जाते. त्यावर अँटिबायोटिक कॅप्सूलचा काही उपयोग होत नाही. मेडिकलमधून परस्पर दोन कॅप्सूल आणून घेणे म्हणजे पैसे घालवून अंगातले जंतू निगरगट्ट करणे. सुगीत रास करताना भुसा व धूळ घशात जाऊनही असेच दुखते. तोंडाला उपरणे बांधले तर निम्मा त्रास वाचतो.

घरी काय करावे? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात. पाणी कोमट असावे. चटका बसेल इतके गरम पाणी घेतल्याने घसा अधिक सोलवटतो. दूध-भाकरी कुस्करून, मऊ भात, पेज, वरणाचे पाणी असे गिळायला सोपे अन्न घ्यावे. दुखते म्हणून पाणी पिणे सोडू नये. उपाशी-तहानलेल्या रोग्याला बरे व्हायला जास्त दिवस लागतात. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सहा-सहा तासांनी घ्यावी, दिवसात चारपेक्षा अधिक नको. यकृताचा आजार असणाऱ्यांनी व रोज दारू घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांचे औषध वजनावर ठरते, आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नये. हळद-दुधाला माझी ना नाही. मधही चालेल, मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला चाटवू नये. पुष्कळ आया दबकत विचारतात, पोरगं आइस्क्रीम मागतंय, द्यावे का? खुशाल द्यावे, गारव्याने दुखणे थोडे बधिर होते.

एक गोष्ट मात्र करू नये. पडजीभ पडली म्हणून घशात बोट घालून मीठ लावून ती दाबणारी माणसे अजून गावोगाव आहेत. पडजीभ पडत नाही, ती सुजते. बोटाने जखम होते आणि नखातली घाण आत जाते.

आता मुलांविषयी. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकला नाही, पण एकदम ताप भरला, टॉन्सिल लालबुंद होऊन त्यावर पांढरे ठिपके आले आणि जबड्याखालच्या गाठी दुखू लागल्या, तर ते स्ट्रेप्टोकोकस जंतूंचे काम असू शकते. येथे औषध लागते. पेनिसिलिन किंवा त्याच्या जातीचे औषध पूर्ण दहा दिवस द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. अशा अर्धवट घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात, आणि पुढे हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. त्या मुलाला मग वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते.

घशात करडा पापुद्रा धरला व मान सुजली तर घटसर्पाची शंका घ्यावी. लस चुकलेल्या मुलांत तो अजूनही दिसतो. तोंड उघडत नाही, लाळ गळते, श्वासाला आवाज येतो किंवा पाण्याचा घोटही उतरत नाही, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नये. थेट जिल्हा रुग्णालय गाठावे.

मोठ्या माणसांत आणखी एक कारण नेहमी निसटते. रात्री अंथरुणावर पडता पडता घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळली, की ती अन्ननलिकेत चिकटते आणि तेथे व्रण पडतो. डॉक्सिसायक्लिनने हे विशेष होते. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध असे दुखते की माणूस हृदयाचा झटका समजून घाबरतो. गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये. (छातीत दुखले तर मात्र घरच्या घरी निदान करू नका, कार्डिओग्राम काढाच.) दम्याचा पंप ओढणाऱ्यांनी नंतर चूळ भरावी, नाहीतर घशात पांढरी बुरशी धरते. मधुमेह्यांनाही तिचा त्रास होतो.

आता त्या मामांकडे येतो. तंबाखू-चुन्याची सवय चाळीस वर्षांची. उजव्या कानात ठणका होता आणि मानेत सुपारीएवढी गाठ, जी दुखत नव्हती. त्यांना बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात पाठवले. तुकडा तपासला, कर्करोगच निघाला. या रोगाची आपल्या भागाला ओळख नवी नाही. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी बार्शीत १९८७ साली सुरू झाली, आणि तीत बार्शीबरोबर आपले भूम व परंडा हे तालुकेही होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पुड्या कोठे मिळतात हे वाचकांना मी सांगायला नको.

तेव्हा तंबाखू, विडी किंवा दारूचे व्यसन असो वा नसो, तीन आठवडे उलटूनही गिळताना दुखत असेल तर गुळण्या थांबवून तपासणी करावी. आवाज तितकेच दिवस बसला असेल, मानेत गाठ लागत असेल, आधी भाकरी व मग भातही अडकू लागला असेल, वजन घटत असेल, तर दुर्बिणीतून घसा व अन्ननलिका पाहून घ्यावी लागते. जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत. मामांच्या खिशात त्या होत्या म्हणूनच चार महिन्यांचा हिशेब लागला.