एका बोटाने उघडणारं झाकण

हलका लॅपटॉप घ्यायला दुकानात गेलात, की आधी झाकणाच्या कडेखाली एकच बोट घाला आणि ते अलगद वर उचला. नीट बनवलेल्या लॅपटॉपचं झाकण सहज वर येतं आणि तळ टेबलावरून तसूभरही हलत नाही. जेमतेम सव्वा किलोची वस्तू, तीही दुसऱ्या हाताने न धरता! बिजागरी जरा घट्ट असती तर तळही झाकणाबरोबर उचलला गेला असता. सैल असती तर एसटीच्या पहिल्याच हादऱ्याला पडदा मागे लोळला असता. हा तोल सांभाळायला वजन पुढच्या बाजूला लागतं, आणि ते पुरवते बॅटरी. टाइप करताना आपण मनगटं टेकतो, त्याच पातळ पत्र्याखाली ती पसरलेली असते.

या बॅटरीतला लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. शुद्ध लिथियमचा तुकडा तेलावरसुद्धा तरंगतो! लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलक्या लॅपटॉपमध्ये साधारण ५० वॉट-अवरची बॅटरी असते, वजन पाव किलोच्या आसपास. त्या पाव किलोत किती ताकद असावी? साठ किलोच्या माणसाला सरळ ३०० मीटर वर उचलता येईल एवढी, म्हणजे सिंहगडाची जवळजवळ निम्मी चढण. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब हीच वीज तासाभराच्या आत संपवतो. लिहिण्या-वाचण्याचं काम करणारा आजचा लॅपटॉप मात्र पाचेक वॉटवर भागवतो आणि दहा तास चालतो. मला तर खरी जादू या काटकसरीत दिसते.

१९८१ चा ऑस्बोर्न-१ हा संगणक ‘सोबत नेता येणारा’ म्हणून विकला गेला, तेव्हा त्याचं वजन ११ किलो होतं. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला: मिटणारं झाकण, मॅग्नेशियमचं अंग, वजन पाचेक किलो. तो अवकाशातही जाऊन आला. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्शाने हलकं, म्हणून आजही कित्येक हलके लॅपटॉप त्याच्याच मिश्रधातूचे असतात. पुढे शंभरेक ग्रॅमच्या हार्ड डिस्कची जागा दहा ग्रॅमहून हलक्या एसएसडीने घेतली. काहींमधला पंखाही गेला.

पण लॅपटॉप घेताना नुसत्या वजनाच्या आकड्यावर भाळू नका. शंभर ग्रॅम वाचवायला कंपनीने बॅटरीच लहान केली असेल, तर ते शंभर ग्रॅम चार्जर होऊन तुमच्या सॅकमध्ये परत येतात. जाहिरातीतले तास बाजूला ठेवा, माहितीपत्रकातले वॉट-अवर वाचा. वजन विचाराल ते चार्जरसकट विचारा. फोनलाही चालणारा यूएसबी-सी चार्जर असेल तर उत्तम. रॅम बहुतेक वेळा बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, तेव्हा सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.

वॉट-अवर वाचता वाचता मोठ्या, दणकट लॅपटॉपांपाशी आलात, की एक गंमत दिसेल. आकडा ९९ च्या आसपास येऊन थबकतो. त्याहून मोठी बॅटरी बनवणं काही अवघड नाही. पण १०० वॉट-अवरच्या पुढची बॅटरी विमानात न्यायची तर विमान कंपनीची परवानगी काढावी लागते.