कमाल-किमान तापमापी वाचताना घ्यावयाची काळजी

जगातील सर्वांत जास्त तापमान कोठे नोंदले गेले, या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे ‘अल् अझिझिया’ असे दिले जाई. हे ठिकाण उत्तर आफ्रिकेतील लिबिया देशात, त्रिपोली शहराच्या दक्षिणेस आहे. तेथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी, ही नोंद अग्राह्य ठरविली. आता अमेरिकेतील डेथ व्हॅली येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७ अंश सेल्सिअस हा अधिकृत उच्चांक आहे.

नोंद रद्द होण्याची कारणे शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखी आहेत. मूळ नोंदवहीत नवख्या निरीक्षकाने कमाल व किमान तापमानाचे रकाने उलटसुलट भरलेले आढळले. तेथील तापमापी ‘यू’ आकाराच्या नळीची होती. अशा तापमापीत पारा चढताना बारीक सळी पुढे ढकलतो व उतरताना तिला तेथेच सोडतो. सळीचे पाऱ्याकडील, म्हणजे खालचे टोक वाचावयाचे असते. वरचे टोक वाचल्यास तेथे सुमारे ७ अंशांचा फरक पडत होता. शिवाय तापमापीखालील जमीन डांबरासारखी काळी होती आणि आसपासच्या केंद्रांवरील तापमानाशी हा आकडा जुळत नव्हता.

अशीच तापमापी आपण द्राक्षबागेत किंवा हरितगृहात वापरतो. किमान तापमानाच्या बाजूला आकडे वरून खाली वाढत जातात. तेथे सळीचे वरचे टोक वाचल्यास रात्र होती त्यापेक्षा थंड वाटते आणि शेकोट्यांचा व पाण्याचा खर्च विनाकारण होतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१. बागेतील तापमापी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवावी. पत्रा, भिंत व डांबरी रस्ता यांपासून ती दूर असावी.
२. डोळे सळीच्या पातळीत आणून दोन्ही बाजूंना खालचेच टोक वाचावे.
३. रोज ठरलेल्या वेळी वाचन करून लगेच वहीत लिहावे. नंतर लोहचुंबकाने सळ्या पाऱ्यापर्यंत आणाव्यात.
४. आकडा अचानक वेगळा आल्यास शेजारच्या बागेतील नोंदीशी ताडून पाहावा. मगच खर्चाचा निर्णय घ्यावा.