खाटेची नोंद : कामगार-निवासासाठी संगणकीय आरक्षण

पोलादाच्या कारखान्यातील झोतभट्टी एकदा पेटविली म्हणजे ती वर्षानुवर्षे विझू देत नाहीत. ती रात्रंदिवस चालते, म्हणून तिच्यापाशी काम करणारी माणसेही पाळीपाळीने रात्रंदिवस येतात आणि जातात. छत्तीसगडमधील भिलाई हे अशा भट्टीच्या घड्याळाने चालणारे नगर आहे. येथील कारखान्याविषयीचा भारत व सोव्हिएत संघ यांमधील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आज पुष्कळांच्या स्मरणात नसते. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली आखीव वसाहतही उभी राहिली.

ही वसाहत मुख्यतः कायम कामगारांसाठी होती. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईत अनेक वर्षे अभ्यास करून २०२० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील बोलण्यातील एक भेद त्यांनी टिपला आहे: कायम कामगाराची असते ती ‘नोकरी’, आणि ठेकेदाराकडील मजूर करतो ते नुसते ‘काम’. भट्टीची मोठी दुरुस्ती निघाली म्हणजे काही आठवड्यांपुरते बाहेरगावचे फिटर, वेल्डर, गवंडी येतात आणि राहण्याच्या जागांची मागणी एकाएकी वाढते. अशा माणसास वसाहतीत घर नसते आणि गावात ओळखही नसते.

जागेचा तुटवडा आणि रिकाम्या जागा ह्या दोन्ही गोष्टी एकाच नगरात एकाच वेळी असू शकतात. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांतील स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. सरकारी पैशाने बांधलेली परंतु रिकामी पडलेली घरे भाड्याने देणे हा तिचा एक भाग होता. चंडीगडमध्ये अशी २,१९५ घरे ह्या कामी लावण्यात आली. रिकामी खाट कोठे आहे हे गरजूस वेळेवर कळावे आणि ती त्याच्या नावे राखली जावी, एवढ्याचसाठी आरक्षण-व्यवस्था असते. भिलाईसारख्या नगरासाठी ती रचावयाची झाल्यास कोणत्या अडचणी येतील, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिली अडचण कालगणनेची आहे. पाहुण्यांच्या हॉटेलात दिवस दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत मोजतात, आणि हॉटेलांसाठी केलेली संगणक-प्रणालीही बहुधा तसेच मोजते. आता एक वेल्डर रात्री दहा ते सकाळी सहा अशी पाळी करतो असे समजा. तो सातला निवासात पोहोचतो आणि दुपारी तीनपर्यंत झोपतो. त्याच्या झोपेच्या मध्यावर दुपारचे बारा वाजतात! हॉटेलच्या हिशेबाने त्याने दोन दिवस राहिल्यासारखे झाले, म्हणजे एका झोपेसाठी दुप्पट भाडे. यात संगणकाने काहीच चूक केलेली नसते. ‘दिवस’ ह्या शब्दाचा जो अर्थ त्यास सांगितला तोच त्याने लावला.

म्हणून येथे नोंद तारखेची न ठेवता आरंभाच्या व अखेरीच्या वेळेची ठेवावी लागते. दोन नोंदी एकमेकींवर चढतात काय, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. पहिलीचा आरंभ दुसरीच्या अखेरीपूर्वी असेल आणि दुसरीचा आरंभ पहिलीच्या अखेरीपूर्वी असेल, तरच त्या चढतात. सकाळी सात ते दुपारी तीन आणि दुपारी चार ते रात्री नऊ ह्या नोंदी चढत नाहीत, आणि मधला एक तास चादर बदलण्यास व खोली झाडण्यास मिळतो. मात्र ह्याच कसोटीने एका खाटेवर चोवीस तासांत तीन माणसेही बसविता येतात. मुंबईच्या गिरणगावात खोलीत जागा अपुरी म्हणून गिरणी-कामगार पाळीनुसार आलटून पालटून झोपत असत. संगणकास ही मुभा दिली तर तो ती निमूटपणे वापरील. ती द्यावी की नाही, हे निवास चालविणाऱ्याने आधी ठरवावयाचे असते, आणि ती न देणेच उचित होय.

दुसरी अडचण एकाच क्षणी आलेल्या दोन मागण्यांची. एकच खाट शिल्लक आहे. दोघे आपापल्या मोबाइलवर पाहतात, दोघांसही ‘एक शिल्लक’ असे दिसते, आणि दोघेही बटण दाबतात. खाट रिकामी असल्याचे पाहणे आणि ती भरल्याचे लिहिणे ह्या दोन क्रिया वेगवेगळ्या केल्या तर दोघांनाही पावती मिळेल, आणि मध्यरात्री दोन माणसे एका खाटेसमोर उभी राहतील. यावर उपाय असा की ह्या दोन्ही क्रिया मिळून एकच अविभाज्य व्यवहार मानावयाचा. तो चालू असता दुसऱ्या मागणीने थांबावयाचे, आणि मध्येच काही बिघडले तर सर्व पूर्ववत व्हावयाचे. १९८५ साली नवी दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि ऑगस्ट २००२ पासून रेल्वेचे तिकीट इंटरनेटवरून मिळू लागले. त्या व्यवस्थेपुढेही हाच प्रश्न होता; एक शायिका दोघांना देऊन चालत नाही. तेथील प्रतीक्षा-यादी सर्वांच्या परिचयाची आहे. निवासाच्या व्यवस्थेतही आपला क्रमांक कितवा हे मागणाऱ्यास दिसले पाहिजे. क्रमांक दिसत नसेल तेथे वशिल्याचा संशय उत्पन्न होतो, आणि तो नेहमीच निराधार नसतो.

तिसरी अडचण सर्वांत साधी दिसते आणि सर्वांत अधिक हानी करते. ती म्हणजे अर्जातील रकाने. ‘कर्मचारी क्रमांक’ हा रकाना भरल्यावाचून अर्ज पुढे सरकत नसेल, तर ठेक्यावरील मजूर पहिल्याच पायरीवर अडतो. त्यास कोणी नाकारले असे होत नाही. अर्ज पुरा भरला नाही एवढेच पडद्यावर दिसते. ‘नोकरी’ आणि ‘काम’ यांमधील भेद अशा रीतीने, कोणी मुद्दाम ठरविल्यावाचून, यंत्रात उतरतो. विचारावयाचे ते थोडकेच असावे: नाव, मोबाइलचा क्रमांक, केव्हापासून व केव्हापर्यंत, आणि स्त्रियांसाठीच्या स्वतंत्र विभागात जागा हवी की काय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. त्याच्या दृष्टीनेही, जी माहिती मागितलीच नाही ती सांभाळण्याचा भार पडत नाही.

वापरणाऱ्याची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. ज्यास वाचनाचा सराव नाही त्यास फोनवरून बोलून नोंद करता आली पाहिजे, आणि ती हिंदी व छत्तीसगढीत, शक्य तर तेलुगू, ओडिया व मराठीतही. येथे शब्दही जपून निवडावे लागतात. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ निराळे आहेत. हिंदीतील ‘कल’ ह्या एकाच शब्दाने दोन्ही दर्शविले जातात. ‘खाट कल की है’ असे यंत्राने सांगितल्यास ऐकणारा घोटाळ्यात पडेल. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही उच्चारावीत, आणि तेच अंक संदेशानेही पाठवावेत. कारखान्याच्या दारापाशी गोंगाटात फोनवरचे नीट ऐकू येतेच असे नाही.

व्यवस्था सोपी झाली की नाही, हे ती रचणाऱ्यास स्वतःहून कळत नाही. त्यास सर्वच पायऱ्या ठाऊक असतात. नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ साली ह्याविषयी एक गणित मांडले. वापरून पाहणारा एक माणूस सरासरीने सुमारे ३१ टक्के दोष उघडे करतो, असे त्यांस आढळले. त्या हिशेबाने पाच माणसांनंतर सुमारे ८४ टक्के दोष हाती येतात. मात्र ती पाच माणसे कचेरीतील नसावीत. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या, थकलेल्या माणसाच्या हाती फोन द्यावा, काही न सुचविता पाहत राहावे, आणि त्याचे बोट कोठे थांबते ते टिपावे.

वीज किंवा इंटरनेट बंद पडल्यास काय करावयाचे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. प्रत्येक पाळीच्या आरंभी पुढील चोवीस तासांच्या नोंदींची छापील यादी व्यवस्थापकाच्या मेजावर असावी, आणि मोजक्या खाटा संगणकाच्या हिशेबाबाहेर, केवळ हाताने देण्यासाठी ठेवाव्यात. रात्री साडेदहाला दुसऱ्या पाळीहून आलेल्या आणि मोबाइलची बॅटरी संपलेल्या मजुराचे नाव त्या कागदावर शोधता येते. नाव नसलेच, तर राखलेल्या खाटांपैकी एक त्यास देऊन सकाळी तिची नोंद संगणकात चढविता येते.